एका दाण्याला आलेला मोड

थंडीमुळे मटकीला मोड येत नव्हते. हिने पुरचुंडी जुन्या स्वेटरात गुंडाळून ठेवली होती. आज सकाळी सोडली, तर एका दाण्याला मोड आलेला. मी चष्मा लावून सगळी मटकी चाळली. एकच.

"अहो, एका मोडाची उसळ करू का तुमची?" ही म्हणाली.

लेक सुट्टीला आली आहे. दूरच्या ग्रहांच्या हवेत जीवसृष्टीची खूण शोधणं हे तिचं काम. दोन वर्षांत काही सापडलं नाही, म्हणून ते सोडून द्यायचं तिच्या मनात आहे.

ती म्हणाली, "बाबा, आपली पृथ्वी म्हणजे हा दाणा. बाकी सगळं कोरडं."

मला हिशेबात चूक दिसली की राहवत नाही. "एकावरून प्रमाण निघत नाही," मी म्हणालो. "या दाण्याला काही वेगळं पाणी मिळालं नव्हतं. कुठे नुसतं शेवाळ सापडलं तरी एकाचे दोन होतील. आणि दोन झाल्यावर तिसऱ्याला कोण अडवणार?"

"आणि नाहीच सापडलं तर?"

"तर कुठे कुठे नाही ते कळेल. तेही कुणीतरी मोजायला हवंच ना."

मग पुरचुंडी तिनेच पुन्हा बांधली.

"आई, अजून एक दिवस ठेवू गं. सोमवारी उसळ खाऊनच निघेन मी."

सोमवारी निघणार, हे या सुट्टीत ती पहिल्यांदाच म्हणाली.