नाव छापलेलं नाही

उल्हासनगरात, कॅम्प तीनच्या बाजारात, एका जीन्सच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आमच्या साप्ताहिकाचं ऑफिस आहे. मी तिथे प्रुफं तपासतो. किस्से इथे रद्दीसारखे साठतात. फरक एवढाच, की रद्दी कुणीतरी घेऊन जातं.

* * *

मांजर्लीतल्या एका शाळकरी मुलीवर अत्याचार झाला. आमचे संपादक लालवाणी, म्हणजे सगळ्यांचे दादा, टेबलावर हात आपटून म्हणाले, "मुलीचं नाव छापायचं नाही. कायदा म्हणजे कायदा!"

रिपोर्टर सुनील आज्ञाधारक. नाव त्याने छापलं नाही. वडिलांचं झेरॉक्सचं दुकान, बिल्डिंगचा रंग आणि मुलीची इयत्ता, एवढंच छापलं!

* * *

मग मोबाइलवरून लाइव्ह. सुनील बिल्डिंगच्या गेटसमोर उभा. "प्रेक्षकहो, गोपनीयतेसाठी आम्ही पत्ता सांगणार नाही!"

त्याच्या डोक्यामागे बिल्डिंगची पाटी. पाटीखाली चार पोरं कॅमेऱ्याला हात हलवतायत.

* * *

पुढच्या अंकात सुनीलने मुलीला 'पिंकी (नाव बदलले आहे)' केलं. त्याच बिल्डिंगमधल्या खऱ्याखुऱ्या पिंकीची आई धापा टाकत जिना चढून आली.

"मावशी, नाव बदललंय असं लिहिलंय ना!" सुनील म्हणाला.

"कंसातलं कोण वाचतं रे मेल्या? लोक माझ्या पोरीकडे बघायला लागले. शेवटी खरी कोण, ते घरोघर जाऊन सांगून आले मी!"

* * *

झेरॉक्सचं दुकान बंद झालं. घराला कुलूप. सुनील शेजाऱ्यांना विचारत हिंडला, "कुठे गेले? फॉलो-अप करायचाय."

एक म्हातारे म्हणाले, "तुम्हाला सापडू नये, तिथे गेले."

* * *

काही वर्षं गेली. परवा अंबरनाथच्या एका शाळेतून चित्रकला स्पर्धेचा निकाल छापायला आला. दुपारी एक बाई आणि एक उंच मुलगी जिना चढून आल्या. बाई म्हणाल्या, "निकालात पहिली आलीये, ती ही माझी मुलगी. आम्ही आधी मांजर्लीला होतो. झेरॉक्सचं दुकान..."

दादा उठले. आपली खुर्ची त्यांनी पुढे सरकवली. "हिचा पहिला नंबर आलाय ना? बेटा, पहिल्या पानावर देतो, फोटोसकट!"

"काका, माझं नाव नका छापू," मुलगी म्हणाली. "अंबरनाथला मला कुणी ओळखत नाही."

"बरं बेटा. नाव नाही छापत."

दोघी निघाल्या. मुलगी दारातून परत वळली.

"तेव्हासारखं नको, काका. खरंच नका छापू."