शोरूममधली आरोळी

मिक्सर आणायला गेलो आणि भुतांचा गेम घेऊन आलो.

चूक माझीच. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना कुणाला बोट दाखवायचे कष्ट नकोत.

सांगलीतली मोठी शोरूम. काचेचं दार, आत गारवा, रविवारची गर्दी. मी कुपवाडला फौंड्रीत कामाला. हात कितीही घासा, भट्टीतली काळी वाळू नखांत राहतेच. टाय लावलेल्या सेल्समननं आधी माझ्या चपला बघितल्या, मग मला.

"काय पाहिजे, मामा?"

"मिक्सर."

"मिक्सर मागं आहेत. आधी इकडं या. भुतांच्या नव्या गेमचा फ्री डेमो चालू आहे."

"मला मिक्सरच..."

"फ्री आहे हो, फ्री."

त्यानं माझा दंड धरला. मेंढरांच्या बाजारात गिऱ्हाईक जनावराच्या पाठीवर हात फिरवून अंगावर किती भरलंय ते बघतं. तसा धरला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. जन्म मेंढरांत गेलेला माणूस मी!

आत एक खुर्ची मांडलेली. खुर्चीपाशी मालकाचा मुलगा, हातात फोन. वयानं माझ्याहून बराच लहान. सगळे त्याला छोटे शेठ म्हणत होते.

"कुठले, मामा?"

"जतकडचा."

"अरे वा! मेंढरंवाले?"

मी मान हलवली. गुन्हा कबूल केल्यासारखी.

"मग तुम्हाला भुताखेतांचं काय नवीन? रानात रोजच भेटत असतील!"

गर्दी हसली. मीही हसलो. आपल्याला कुणी हसायला लागलं की आपणच पहिल्यांदा दात काढायचे, ही सवय फार जुनी. त्यानं वार चुकत नाही, फक्त मारणाऱ्याचा हात दुखत नाही.

मला खुर्चीत बसवून त्यांनी माझ्या डोळ्यांवर एक जाड काळा चष्मा चढवला. कानांवर भोंगे. एकदम शोरूम गेली. रान आलं. अंधार. वाऱ्याचा आवाज. मागं कुणीतरी श्वास घेतंय. मी मान वळवली, तर रानही वळलं. मग समोरचं झुडूप हललं आणि दोन डोळे चमकले.

गुडघ्याच्या उंचीवर.

भूत असतं तर डोळे माणसाच्या उंचीवर असते. गुडघ्याएवढ्या उंचीवरचे डोळे म्हणजे लांडगा. हे मला कुणी शिकवलेलं नाही. ते अंगातच आहे. पुढचं मी केलं नाही, अंगानंच केलं. उठलो, छाती भरली आणि माझ्या बापानं, आज्ज्यानं माळावर दिली ती आरोळी दिली.

"हाऽऽड! हाऽऽड! हुऽऽर्र! आला रंऽऽ!"

हात काठी शोधत फिरला. काठी नव्हती. टीव्हीच्या रिकाम्या खोक्यांची रास होती. ती धाडदिशी खाली आली.

चष्मा काढला तेव्हा माणसं पोट धरून हसत होती. आणि भिंतीवरच्या सगळ्या टीव्हींवर मीच होतो. लहान टीव्हीवर लहान मी, मोठ्या टीव्हीवर मोठा मी. तोंड उघडं, हात हवेत. छोटे शेठनं फोनवर काढलं होतं आणि तिथल्या तिथं लावलं होतं. पडद्यांचा रंग फार छान होता. माझे पुढचे दोन किडके दात स्वच्छ दिसत होते.

"एक नंबर! मामा, एकदा परत करा की."

मी म्हणालो, "मिक्सर दाखवा."

"हां, दाखव रे यांना मिक्सर," तो सेल्समनला म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "हा गेम यांच्यासाठी नाही. यांची झेप मिक्सरपर्यंतच."

आज मला कळतं की हीच त्याची विक्रीची रीत होती. काहींना सवलत देऊन गळाला लावायचं, काहींना अपमान करून. गिऱ्हाईक बघून गळ बदलायचा. मला त्यानं अचूक ओळखलं होतं.

"हा गेमच द्या," मी म्हणालो. "पॅक करा."

पॅक करताना सेल्समन "मान गये मामा" म्हणाला. मिक्सरसाठी साठवलेलं त्यात गेलं, वर हप्ते लागले. आणि तरीही काचेच्या दारातून बाहेर पडताना माझी छाती पुढं होती. गाढव कधीकधी ताठ चालतं, ते असं.

घरी सुरेखानं खोका बघितला. माझी बायको. दिवसभर बेदाणा निवडायला जाते. तिचं उजवं मनगट सुजतं. जुना मिक्सर जळल्यापासून चटणी पाट्यावर वाटत होती. तिनं खोक्यावरचं चित्र बघितलं, माझ्याकडं बघितलं. पाट्यापुढं जाऊन बसली. बोलली असती तर बरं झालं असतं.

खोका एकदा फोडला की शोरूम परत घेत नाही. मग ठरवलं, निदान हा गेम जिंकायचा. पहिल्या पाळीवरून आलो की दुपारी खेळायचो. लख्ख ऊन, दार सताड उघडं, पाठ भिंतीला टेकलेली. भुतांच्या गेमला एवढा बंदोबस्त करणारा दुसरा कुणी नसेल. तरी मरायचो. त्या रानात पुनःपुन्हा मरायचो. कारण त्यात दोनच बटणं कामाची. एक पळायचं, एक लपायचं. काठी नाही. आरोळी तर नाहीच. लांडग्याला पाठ दाखवायची नसते, हे आमच्यात चालता येण्याआधी कळतं. आणि हे यंत्र मला पळायचं बटण देत होतं.

तोवर माझा व्हिडिओ सगळीकडं गेला होता. शोरूमची जाहिरात म्हणून. वर लिहिलेलं, 'धनगरालाही घाम फोडणारा गेम!' कुपवाडला मी गेटातून आत आलो की कुणीतरी "हाऽऽड!" करायचं. मशीनवरचा सोबती म्हणाला, "गड्या, लय फेमस झालास की." मी हसलो. पुन्हा तेच हसणं.

एके दिवशी गावाहून आप्पांचा फोन आला. आप्पा म्हणजे माझे वडील. अजून मेंढरं राखतात. पाण्याच्या टँकरपाशी कुणीतरी त्यांना फोनवर दाखवलं होतं.

"आवाज बरूबर हाय," आप्पा म्हणाले. "माझ्यापरीस मोटा हाय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पर मेंढरं कुटं व्हती?"

"मेंढरं न्हवती, आप्पा."

"मग कुणासाठनं वरडलास?"

फोन बंद झाला. ते रागावले नव्हते. त्यांना खरंच कळलं नव्हतं. रागावले असते तर मी काहीतरी खोटं सांगितलं असतं. या प्रश्नाला खोटंही सापडेना.

एवढं होऊनही माझी अक्कल ठिकाणावर नव्हती, याचा पुरावा पुढं आहे. छोटे शेठचा फोन आला. "मामा, रविवारी या. घोंगडं, फेटा, काठी, सगळं घालून या. गर्दीसमोर एकदा ती आरोळी द्यायची. मिक्सर फ्री देतो. चांगला, तीन भांड्यांचा."

मी हो म्हणालो.

सुरेखाला म्हणालो, "रविवारी मिक्सर आणतो."

"आणा म्हंजे झालं," ती म्हणाली.

आप्पांचं जुनं घोंगडं ट्रंकेत होतं. ते खांद्यावर टाकून मी दुचाकीवर सांगलीला गेलो. काठी आडवी बांधलेली. सिग्नलला लोक बघत होते. मी मनात म्हणत होतो, काहीतरी विचारा कुणीतरी, म्हणजे मी मागं फिरेन. कुणी विचारलं नाही.

शोरूम भरलेली. टीव्हींवर मी चालूच होतो. न थांबता. तोंड उघड, मिट, उघड. मिक्सरचा खोका टेबलावर मांडलेला, मला दिसेल असा. छोटे शेठच्या हातात माइक. खुर्चीत त्यांनी एका म्हाताऱ्याला बसवलं होतं. पांढरं धोतर, डोक्याला मुंडासं. बॅटरी घ्यायला आलेला म्हणे. चष्मा चढवलेला.

छोटे शेठ माझ्या कानाशी आला. "मामा, आजोबांच्या गेममध्ये आता ते जनावर येईल. तेव्हाच तुम्ही मागून जोरात ओरडा. असे उडतील ना! मी शूट करतो."

मी म्हाताऱ्याच्या मागं उभा राहिलो. अगदी जवळ. त्याचा श्वास वाढलेला ऐकू येत होता. मग त्याचा उजवा हात खुर्चीच्या बाजूनं खाली सरकला. चाचपायला लागला. हवेत. काठी शोधत होता.

तो हात मला ठाऊक होता.

"मामा, आता!" छोटे शेठ कुजबुजला.

आरोळी घशापर्यंत आलेली. पोटातून सुटलेली. मी ती गिळली. धारदार हाड गिळावं तशी.

"मामा!" आता माइकवरून. "अहो ओरडा की! लोक थांबलेत."

मी पुढं झालो आणि म्हाताऱ्याचा चष्मा काढला. माझी काठी त्याच्या हातात दिली. त्यानं मुठीत आवळली, मग डोळे मिचकावत दिव्यांकडं बघितलं.

"लांडगा व्हता न्हवं?" तो मला हळूच म्हणाला.

"व्हय, बाबा. व्हता."

गर्दीचं हसू फुटता फुटता थांबलं. छोटे शेठनं माइक खाली घेतला. "काय चाललंय हे? ठरलंय ना आपलं?"

"त्या टीव्हीवरचं बंद करा."

"ते आमच्या पेजवरचं आहे. आमचा व्हिडिओ आहे तो."

"तोंड माझं हाय."

माझा आवाज चिरकला, खोटं कशाला सांगू. पण जागचा हललो नाही. पळायचं बटण दाबलं नाही.

"मग मिक्सर विसरा," तो म्हणाला.

मी खोक्याकडं बघितलं. तीन भांडी. त्यावर एका हसऱ्या बाईचं चित्र. तिचं मनगट नीट होतं.

"इसरलो. बंद करा."

आता कुणी हसत नव्हतं. गिऱ्हाइकं दाराकडं सरकायला लागली. तेव्हा आतून मोठे शेठ आले, रिमोट उचलला आणि माझं तोंड मिटलं. सगळ्या भिंतीभर. एकदम. पेजवरचाही काढा, असं मी म्हणालो. छोटे शेठनं माझ्यासमोर काढला, बोटं आपटत. म्हातारा माझ्याबरोबर बाहेर आला. बॅटरी न घेता.

आता एवढंच. माझी आरोळी विकायला नाही. फुकट तर नाहीच. समोर लांडगा असेल आणि मागं कुणी असेल, तेव्हाच ती निघेल. आणि माझ्यावर हसणाऱ्यात इथून पुढं मी पहिला नसेन. तो गेम मिळेल त्या भावाला विकणार आहे. दुसऱ्या दुकानात जाईन, मिक्सर बघेन, मिक्सरच घेईन. दंडाला हात लावू देणार नाही.

हे सगळं मी घरी येऊन सुरेखाला सांगितलं. उभं राहून, हातवारे करून, घोंगड्यासकट. 'तोंड माझं हाय' हे तर दोनदा सांगितलं. ती पाट्यापुढं लसूण-मिरची घेऊन बसली होती. पूर्ण ऐकून घेतलं. मग वरवंटा उचलून माझ्यापुढं धरला.

"तोंड तुमचं हाय, ते कळलं. मनगाट माझं हाय. बसा वाटायला."