बोटीत जागा मिळेपर्यंत

ओल्या तेलरंगाचा वास कुठेही आला, अगदी कुणाच्या नव्या घराच्या खिडक्यांचा आला, तरी मला भाद्रपदातलं ते ऊन आठवतं. साताऱ्याच्या आमच्या घरामागच्या ओट्यावर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पत्र्याची नवी ट्रंक वाळत ठेवली होती. तिच्यावर पेंटरने पांढऱ्या रंगात माझं नाव आणि त्याखाली विलायतेतल्या त्या गावाचं नाव काढलं होतं. पावसाने उघडीप दिलेली, किल्ल्याच्या उतारावरचं गवत वाऱ्यासरशी लवत होतं, आणि त्या धुतलेल्या, सोनसळी प्रकाशात ती अक्षरं अशी काही झळकत होती, की बघणाऱ्याला वाटावं ही मुलगी गेल्यातच जमा आहे. गेले मात्र नव्हते. बोटीत जागाच नव्हती.

महायुद्ध संपून वर्ष होत आलं होतं. पुण्याला वनस्पतिशास्त्र घेऊन मी पदवीधर झाले होते, आणि पुढचं शिकायचं तर विलायतेत, हे वेड डोक्यात शिरलं होतं. त्या वेडाचं मूळ सांगलीत. माझे मामा तिथे हळदीचे व्यापारी. सुट्टीत गेलं, की जमिनीखालची हळदीची पेवं उघडताना बघायला आम्ही मुलं धावायचो, आणि त्या काळोख्या तोंडातून येणारा तो कडवट, उष्ण, मातीचा गंध माझ्या परकरालाही चिकटून घरी यायचा. एके वर्षी शेतातलेच कंद कुजले. हिरवीगार पानं उभ्या उभ्या पिवळी पडली, आणि उपटून पाहावं तर हाताला नुसता लगदा. का, असं मी विचारलं, तर मोठी माणसं म्हणाली, देवाची मर्जी. मला ते पटलं नाही. आजही पटत नाही! त्या एका ‘का’चा पाठलाग करत मी अर्ज केला, आणि एक दिवस खरोखरच तिकडच्या विद्यापीठाचा होकार आला. अट एवढीच होती, की ऑक्टोबरात सत्र सुरू होताना हजर व्हायचं. न झाल्यास जागा दुसऱ्याला.

घरात या होकाराने आनंदीआनंद झाला असेल, असं कुणी समजू नये. आईने डोळ्यांना पदर लावला. थोरल्या काकांनी दोन दिवस अबोला धरला आणि मग अण्णांकडून शब्द घेतला: या वर्षी गेली तर गेली; नाही गेली, तर मार्गशीर्षात उजवून टाकायची. अण्णांनी शब्द दिला. ते तरी काय करणार, बिचारे? भावाची मर्जी आणि मुलीची हौस या दोन्हींच्या मध्ये उभं राहून त्यांनी माझ्यासाठी एवढीच एक फट उघडी ठेवली होती, आणि तिच्यातून मी निसटेन अशी आम्हा दोघांनाही खात्री होती.

पण जायचं कशातून? अण्णा आषाढात मुंबईला बोटकंपनीत खेटे घालून आले, श्रावणात पुन्हा गेले, आणि दोन्ही वेळा हात हलवत परतले. ‘नाव नोंदवून ठेवलंय’ म्हणतात, असं ते सांगायचे, आणि टोपी खुंटीला लावून तिच्याकडेच बघत बसायचे. येणाऱ्या बोटी आपल्या जवानांना घरी आणत होत्या, त्याच बोटी परतताना गोऱ्या सैनिकांना त्यांच्या घरी नेत होत्या. साध्या उतारूसाठी, त्यातून शिकायला निघालेल्या पोरीसाठी, कोपराही रिकामा नव्हता. चिडावं तर कुणावर? वर्षानुवर्षं घर न पाहिलेल्या त्या पोरांवर? त्यांनाही कुठेतरी आया होत्याच की. रागाला एक धनी तरी लागतो. मला तोही मिळेना. मी नुसती खोलीतल्या खोलीत फिरायची, वह्या काढायची, ठेवायची, आणि पोस्टमनच्या सायकलची घंटा ऐकली की दाराकडे धावायची.

आमच्या आणि शेजारच्या घरामध्ये मेंदीचं कुंपण होतं. पलीकडे शेवंताकाकी राहायच्या. मूळच्या वडूजकडच्या, नवरा पलटणीतून पेन्शनीवर आलेला आणि नंतर वारलेला. एकुलता एक मुलगा शंकर इटलीत लढायला गेलेला. त्याची पत्रं मी वाचून दाखवायची, उत्तरं मी लिहायची. त्यामुळे बोटीची वाट बघणाऱ्या आम्ही दोघी होतो. सकाळी धुणं वाळत घालताना त्या कुंपणापलीकडून हाक मारायच्या, ‘‘काय म्हनती गं सुमे, तुजी आगीनबोट?’’ मी म्हणायची, ‘‘रुसलीये काकी. तुमची काय म्हणते?’’ आणि आम्ही दोघी हसायचो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

त्यांची बोट आली. दिवाळीच्या तोंडावर शंकर आला, उन्हाने रापलेला, खांद्यावर बोजा, तोंडात मधूनच इटलीतला एखादा शब्द. दारात काकींनी त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मग त्याच्या छातीवर डोकं ठेवून त्या अशा रडल्या, की कुंपणाशी उभ्या असलेल्या आमच्या आईलाही हुंदका आवरेना. मलाही रडू आलं. त्यातलं त्यांच्यासाठी किती आणि माझ्यासाठी किती, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. कारण त्याच सकाळी विद्यापीठाचं पत्र आलं होतं. सत्र सुरू झालं होतं. जागा गेली होती.

दुसऱ्या दिवशी काकींनी पुरणपोळीचं जेवण केलं. पुरणाच्या, वेलदोड्याच्या, कढत तुपाच्या वासाने त्यांचं ते लहानसं घर भरून गेलं होतं. शंकर बोटीवरच्या गमती सांगत होता, गोरे सोजीर आम्ही उतरायच्या आधीच धक्क्यावर रांगा लावून उभे होते म्हणत होता, आणि मी मान खाली घालून पोळीचे तुकडे करत होते. काकी सगळ्यांना वाढून माझ्याजवळ टेकल्या. त्यांच्या ताटात आमटी होती, भात होता, पोळी नव्हती.

‘‘काकी, अहो, तुमची पोळी?’’

‘‘म्या देवाला सांगितलंय,’’ त्या सहजपणे म्हणाल्या, ‘‘सुमेची आगीनबोट सुटंस्तवर ग्वाड खायाची न्हाई. शंकरच्या पायी सोडलं हुतं, त्यो आला. आता तुज्या पायी.’’

हातातला तुकडा मी ताटात ठेवला. मग मी सांगून टाकलं, जागा गेली, आता बोट मिळूनही उपयोग नाही, घरात स्थळं बघायला लागलेत, तुम्ही पोळी खा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माझ्या पाठीवरून हात फिरवला.

‘‘या वर्साला गेली असंल. फुडल्या वर्साला सुटंल की. रडतीस कशापायी?’’

‘‘पण मी सांगते ना, सोडा ते!’’

‘‘तुला इचारून धरलंय व्हय?’’ असं म्हणून त्या शंकरला तूप वाढायला उठल्या.

मार्गशीर्षात माझं लग्न झालं. सासर सांगलीचं, माणसं चांगली. त्यांच्याविषयी माझी तक्रार नव्हती आणि नाही. साखर रेशनवर होती, तरी अण्णांनी कुठून कुठून मिळवून जिलबीची पंगत घातली. हे त्यांनी कशासाठी केलं, ते मला कळत होतं, आणि मला कळतंय हे त्यांनाही कळत होतं. थंडीचे दिवस, मांडवात कोवळं ऊन उतरलेलं, केळीच्या ओल्या पानांचा आणि झेंडूचा वास. रीतीप्रमाणे नव्या नवरीने पंगतीत गोड वाढायचं, म्हणून परात घेऊन मी ओळीने निघाले. सगळे कौतुकाने वर बघत होते, एक वाढ, आणखी एक वाढ म्हणून मला चिडवत होते, हात चिकट होत होते.

शेजारपाजारच्या बायकांच्या ओळीत शेवंताकाकी बसल्या होत्या, नव्या लुगड्यात. मी जिलबी उचलली. त्यांनी दोन्ही तळवे पानावर आडवे धरले. हसल्या नाहीत, की डोळ्यांत पाणी आणलं नाही.

‘‘अजून न्हाई, सुमे,’’ त्या हळूच म्हणाल्या.

माझं जाणं संपलं, हे त्या भरल्या मांडवात अण्णांनी मान्य केलं होतं, आईने केलं होतं, मुंडावळ्या बांधून घेताना मीही केलं होतं. न मानणारं हे एकच माणूस होतं. हातातली जिलबी परत परातीत ठेवावी, की तशीच धरून उभं राहावं, हे मला कळेना. मागून कुणीतरी म्हणालं, ‘‘वहिनी, पुढे चला, पंगत खोळंबलीये.’’

मी पुढे सरकले.