शेऱ्याची चौकट

कसबा पेठेतल्या वधूवर मंडळात कुणाला काय दिसावं आणि कुणाला काय लिहिता यावं, हे सुनीती आगाशे ठरवायची. मंडळाची सगळी स्थळं आता वेबसाइटवर होती. ती वेबसाइट ज्या कॉम्प्युटरवर चालायची तो कुठल्या गावी आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण किल्ल्या सुनीतीच्या हातात होत्या. पालकांना नुसतं बघायची परवानगी, कार्यकर्त्यांना लिहायची. कुणी पासवर्ड विसरला की फोन तिलाच. "बघते हं," म्हणताना तिचा आवाज जरा जडच व्हायचा. बँकेतून निवृत्त झाल्यावर एवढा मान कुठे मिळतो?

मंडळात सगळ्यात जुने गोपाळकृष्ण नगरकर सर. शाळेत त्यांनीच सुनीतीला गणित शिकवलेलं. स्थळाची चौकशी करायची आणि माहितीखालच्या चौकटीत शेरा लिहायचा, हे त्यांचं काम. शेरे असे: 'मुलगा हुशार आहे. ही माहिती त्यानेच दिली.' किंवा, 'मुलीला स्वयंपाक येतो का, असे मुलाच्या आईने विचारले. मुलाला येत नाही.' लोक भयंकर चिडायचे आणि सगळ्यात आधी शेराच वाचायचे.

तक्रारी वाढल्या तेव्हा नव्या चिटणीसाचा, आमोदचा, खराडीच्या ऑफिसातून फोन आला.

"काकू, सरांचा एडिट राइट काढून टाका ना. फक्त बघता येऊ दे. आणि त्यांना सांगू नका प्लीज, उगाच हर्ट होतील. दोन दिवस शोधतील, मग सोडून देतील."

तूच सांग की त्यांना, असं म्हणायला हवं होतं. सुनीती म्हणाली नाही. कारण त्याच आठवड्यात तिने आपल्या लेकीची, तनयाची, माहिती वेबसाइटवर चढवली होती. तनयाचं पहिलं लग्न वर्षभरात मोडलेलं. आता सर खोलात शिरणार आणि काय ते रोखठोक लिहिणार, या धास्तीने सुनीतीची झोप उडाली होती. तिने सरांच्या नावापुढची खूण काढली. सरांच्या पडद्यावरची शेऱ्याची चौकट नाहीशी झाली आणि तिला चक्क हायसं वाटलं.

सोमवारी सर आले. "अगं सुनीती, एक शेरा लिहायचाय. चौकट कुठे गेली?"

"सर्व्हरचं काहीतरी असेल, सर."

पुढच्या वेळी शेजारच्या टेबलावर दुसऱ्या कार्यकर्त्या श्यामलाबाई भराभर शेरे लिहीत होत्या. सरांनी ते पाहिलं. मग हळूच म्हणाले, "माझंच चुकतंय काहीतरी. परत एकदा दाखवतेस?"

आणि सुनीतीने दाखवलं! शेजारी खुर्ची ओढून, एकेक पायरी समजावत ती त्यांना रिकाम्या जागेपर्यंत घेऊन गेली आणि म्हणाली, "इथेच असते, सर." ज्यांनी तिला न चिडता समीकरणं शिकवली, ते मान डोलावत राहिले. घरी जाताना सुनीतीला स्वतःची किळस आली. तरी पुढच्या सोमवारी तिने पुन्हा तेच केलं.

होळीच्या सुमाराला सर सुनेला, उत्कर्षाला, सोबत घेऊन आले. एकटं येणं त्यांनी सोडलं होतं.

"बँकेचं सगळं मुलाकडे दिलं," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, काही झालेलं नाही. पण तो डॉक्टर म्हणजे कालचा पोरगा. मला कळतंय ना, डोकं चालत नाही आता. उद्यापासून येत नाही. भलतंच लिहून कुणाच्या मुलीचं नुकसान करायचो. तू मात्र एकदाही कंटाळली नाहीस हो. हे तेवढं विसरणार नाही."

ते दारापर्यंत पोचले होते.

"सर, तुम्ही काही विसरला नाहीत. ती चौकट मी काढली."

सर वळले. "कधी?"

"दिवाळीच्या आधी."

"का?"

आमोदचं नाव तिच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं. "तनयाबद्दल तुम्ही काय लिहाल, याची भीती वाटली."

उत्कर्षाने तिच्याकडे असं पाहिलं की जमीन पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. सर खुर्चीत बसले.

"लाव ती चौकट."

तिने लावली.

"आता ऊठ इथून."

दुसऱ्या दिवशी सुनीतीने तनयाची माहिती उघडली. खाली शेरा होता: 'मुलगी सरळ आहे. पहिल्या लग्नात तिचा दोष नव्हता. चौकशी दिवाळीआधीच केली होती, लिहायचे राहिले. आई खरे बोलते, पण उशिरा.'

म्हणजे सर त्या पहिल्या सोमवारी हाच शेरा लिहायला आले होते. सुनीती टेबलावर डोकं टेकून रडली.

संध्याकाळी आमोदचा फोन आला. "काकू, शेवटची ओळ तरी काढा. तुम्हाला करता येईल ना?"

"येईल," ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

ती ओळ अजून तिथेच आहे. तनयाला बघायला येणारे ती वाचूनच येतात आणि घरात शिरल्यावर तनयाच्या आधी तिच्या आईकडे बघतात.