आखाजीच्या दिवशी पळालेला जावई

माझ्या सासरी मी तापट माणूस म्हणून प्रसिद्ध आहे, आणि ही प्रसिद्धी मी घाम गाळून मिळवली आहे.

खरं तर माझा राग आमच्या घरातलं मांजरसुद्धा मनावर घेत नाही. पण नव्वदच्या दशकात, लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, सुरतच्या रणरणत्या उन्हात जे घडलं ते घडलं. तेव्हापासून भेस्तानच्या आमच्या खानदेशी वस्तीत माझा विषय निघाला की लोक आवाज खाली आणतात.

सुरुवात झाली सासऱ्यांच्या एका वाक्याने. सासरे, म्हणजे आमचे मामा, लूमच्या कारखान्यात माग दुरुस्त करणारे जॉबर होते. बंद पडलेला माग पान्याला हात न लावता, नुसते डोळे वटारून ते चालू करतात अशी त्यांची ख्याती. मी सुरतजवळच्या सचिन गावातल्या एका मिलमध्ये पंख्याखाली बसून साड्यांवरची फुलं काढायचो. आमचं लग्न ठरल्यावर मामा चौकात म्हणाले, "पोऱ्या गुणी शे, पन कुरडईसारखा शे. हात लावा का तुटस!"

हे वाक्य फिरत फिरत माझ्या कानावर आलं आणि मला लागलं. अगदी मनापासून लागलं. आरशासमोर उभा राहून मी छाती फुगवून पाहिली, तर खरोखरच कुरडई दिसत होती. तळलेलीसुद्धा नाही, कच्ची!

त्याच सुमाराला सुरतच्या एका क्लबने तिहेरी शर्यत जाहीर केली. आधी तापीत पोहायचं, मग सायकलवर नवसारीच्या बाजूला जाऊन सचिनपर्यंत परत यायचं, आणि तिथून भेस्तानवरून उधन्याच्या मैदानापर्यंत पळायचं. पहिला नंबर माझ्या स्वप्नातही नव्हता. मला फक्त ती पूर्ण करायची होती. मग दुपारी सासरी पानावर बसताना अगदी सहज म्हणायचं, "मामा, सकाळी जरा शर्यत करून आलो. वाढा!" एवढ्या एका वाक्यासाठी मी महिनाभर कच्ची अंडी प्यायलो.

शर्यतीचा दिवस आखाजीचाच निघाला. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण आम्हा खानदेशी लोकांना ती दिवाळीहून मोठी. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. आणि नवा जावई जेवायला बसल्याशिवाय घरात कोणी घास तोंडात घालत नाही. सुनंदा, म्हणजे आमची बायको, आधीच माहेरी गेली होती. ती निघताना मी तिला बजावलं, "शर्यत पुरी होईपर्यंत घरी एक अक्षर बोलायचं नाही. माझी शपथ आहे!"

"आणि पुरी झाली नाही तर?"

"तर कधीच बोलायचं नाही."

सकाळी नदीकाठी पंचांनी नियम सांगितला. पाणी फक्त क्लबने वाटेत मांडलेल्या टेबलावरचं प्यायचं, बाहेरच्या कोणाकडून काही घेतलं तर शर्यतीतून बाद. मी मान डोलावली. रस्त्यावर माझ्यासाठी कोण काय घेऊन उभं राहणार होतं? मी गिरणाकाठचा असल्याने पोहणं निभावलं. (वाटेत एक म्हैस मला मागे टाकून गेली, पण तिने नाव नोंदवलेलं नव्हतं.) ओल्या अंगाने सायकलवर टांग मारली आणि उधना ओलांडून भेस्तानला आलो. तिथे रस्त्यालगतच्या सासरच्या घरासमोर, खाटेवर, मामा बसलेले!

"जवाईबापू! कथा चालनात? या, च्या पी ल्या!"

कुठे निघालो ते सांगायला थांबलो असतो तर बिंग फुटलं असतं. मी मान खाली घातली आणि जोरात पायडल मारलं. मामांचा वर केलेला हात तसाच वर राहिला. मला वाईट वाटलं, पण दुपारी सगळा खुलासा करू म्हटलं.

दुपारी सचिनला सायकल ठेवून पळायला लागलो तेव्हा डांबर मऊ झालं होतं आणि प्रत्येक पावलाला बूट चिकटत होता. जीभ टाळूला चिकटलेली होती. पुढचे गडी कधीच दिसेनासे झाले होते आणि मागे कोणी नव्हतंच. भेस्तान जवळ आलं तसा मी चेहरा दुसरीकडे वळवला, अंग चोरलं आणि मामांच्या दारावरून पळत निघालो.

तिकडे घरात काय चाललं होतं ते सुनंदाने नंतर सांगितलं. आमरसाचं पातेलं भरलेलं, पुरणपोळ्या फडक्याखाली झाकलेल्या, आणि सगळं घर भुकेने कासावीस होऊन माझी वाट पाहत बसलेलं. तेवढ्यात दारात उभी असलेली चुलतसासू ओरडली, "अवं माय! जवाई अर्धी चड्डीवर पयत चालनात! आपलाकडे देखतबी नही!"

सगळे बाहेर धावले. जावई आखाजीला दारावरून गेला, एकदा नाही, दोनदा! तोंड फिरवून गेला! याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. जावई रुसला!

सुनंदाने शपथ मोडून सांगितलं, "बाबा, ती शर्यत शे."

"तू झाकू नको," मामा म्हणाले. रुसलेल्या जावयाची बायको असंच काहीतरी सांगते, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मेव्हण्याला, भगवानला, हाक मारली. "टेम्पो काढ!"

भगवानचा टेम्पो एरवी कापडाचे ताके वाहायचा. त्या दिवशी त्यात आमरसाचं पातेलं, पोळ्यांची पाटी, टॉवेल, टोपी, नारळ आणि उपाशी सासर असं सगळं चढलं. उधन्याच्या वाटेवरच्या पांडेसराच्या अलीकडेच त्यांनी मला गाठलं. (टेम्पोला यात काही फार कष्ट पडले नाहीत.)

"जवाईबापू, काय चुकनं आमनं?" मामा वरून म्हणाले.

मला बोलायचं होतं. पण छातीतला श्वास पायांना पुरत नव्हता, तर तोंडाला कुठून पुरणार? मी नुसता हात हलवला.

"हात झटकना!" चुलतसासू हबकली. "लईच राग शे!"

मग सुरू झाली कबुल्यांची रांग. दिवाळीत दिलेला पँटपीस वीतभर कमी होता, तो आपणच कमी कापला, असं भगवानने स्टिअरिंगवरून कबूल केलं. लग्नात मला घातलेला हार आधी दुसऱ्या जावयाला घातला होता, हे चुलतसासूने सांगितलं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं! पळता पळता मला खरोखरच थोडा राग येऊ लागला.

तेवढ्यात स्कूटरवरून पंच आले आणि कोणाची मदत घ्यायची नाही म्हणून गुजरातीत दटावू लागले. "ओ काका, टेम्पो बाजु पर लो! कोईनी मदद लेवानी नथी!"

मामांना ते मध्यस्थ वाटले. "साहेब, तुम्ही तरी समजावो यास्ले. घर उपाशी शे."

पंचांनी टेम्पो लांब मागून यायला लावला. तेव्हा मामा उतरले. धोतराचा सोगा खोचला, एका हातात टॉवेल-टोपी, दुसऱ्या हातात आमरसाचा तांब्या, आणि माझ्याबरोबर पळू लागले! पंच ओरडले, "कशुं लीधुं तो बाद!" म्हणजे काही घेतलं की बाद, आणि स्कूटर आमच्या मागेच ठेवली.

"एक घोट ल्या बापू."

मी मान हलवली. तांब्यातून हापूसचा वास येत होता, घसा कोरडा पडून फाटायला आला होता, आणि आयुष्यात इतकं जिवावर येऊन मी दुसरं काही नाकारलेलं नाही.

मैदानाचा मांडव दिसू लागला तेव्हा माझे पाय थांबायला आले. मामा शेजारीच होते. त्यांना साधी धापही लागलेली नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आवाज एकदम उतरला.

"मी चौकमा बोलनू, कुरडईसारखा शे. तेच ना? मन्हं चुकनं बापू. एवढा उनमा इतला लांब रुसीसन जायेल मानूस मी आजलोंग देखा नही. तुम्हीन कुरडई नहीत. लोखंड शेत!"

मला रडू आलं. ज्या शब्दांसाठी मी महिनाभर अंडी प्यायलो ते शब्द असे, भलत्याच कारणासाठी, भर रस्त्यात कानावर पडत होते. काय सांगायचं, पाय पुन्हा चालू झाले. शेवटचा तो तुकडा मी कसा पळालो ते मला आजही आठवत नाही. चुन्याची रेघ ओलांडली, तिथेच बसलो, आणि मामांच्या हातातला तांब्या घेऊन तोंडाला लावला.

टेम्पोतून एकच जल्लोष झाला. "पिना! पिना! रुसवा सुटना!"

मांडवातल्या लोकांना वाटलं, शेवटच्या गड्यालाही त्याच्या माणसांनी किती कौतुकाने घेतलं! त्यांनीही टाळ्या वाजवल्या. मामांनी माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी ठेवली, नारळ हातात दिला. मग तिथेच मैदानात, ताक्यांवरचं प्लास्टिक अंथरून, आमची पंगत बसली. पंचसुद्धा पुरणपोळी खाऊन गेले.

जेवताना मी धीर करून म्हटलं, "मामा, मी रुसलो नव्हतो. ती खरंच शर्यत होती."

"व्हय व्हय," मामा म्हणाले आणि मला आणखी रस वाढला. एवढ्या मोठ्या मनाचा जावई, राग गेल्यावर झालेली गोष्ट झाकतोय, असं त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. सुनंदा पदराआड हसत होती. मी आणखी एक पोळी मागून घेतली.

त्यानंतर वर्षभर सासरी माझी बडदास्त अशी राहिली की विचारू नका. पँटपीस लांब आले, हार ताजे आले, आणि मी नको म्हणायला तोंड उघडलं की लोक घाबरून दुप्पट वाढायचे. पळणं त्या दिवशी सुटलं ते कायमचं. पुढच्या आखाजीला मी अगदी वेळेवर, रिक्षाने, मामांच्या दारात उतरलो. सदऱ्याचं खालचं बटण लागत नव्हतं.

"मामा," मी म्हटलं, "यंदा अजिबात रुसणार नाही. शब्द देतो."

मामांनी माझ्या पोटाकडे शांतपणे पाहिलं.

"नही बापू, रुसा ना," ते म्हणाले. "तेवढाच व्यायाम व्हस."