किल्ली काकांच्या खिशात

आमच्या काकूनं गाडीचं लायसन्स काढलं, तेव्हा तिच्या डोक्यावर काळ्यापेक्षा पांढरे केस जास्त होते. पहिल्या परीक्षेत ती नापास झाली, दुसऱ्या परीक्षेतही झाली. तिसऱ्यांदा पास होऊन आली आणि लाँड्रीच्या काउंटरवर तिनं लायसन्स असं काही आपटलं, की इस्त्री करणारे काका दचकले. मी त्यांची पुतणी, लाँड्रीच्या वरच्याच खोलीत राहते. तो आवाज मला जिन्यात ऐकू आला होता.

तेव्हापासून हॉटेलच्या चादरी, दवाखान्याचे कोट, सगळं काकूच पोहोचवते. काका मात्र गिऱ्हाइकांना फोनवर सांगायचे, "हो हो, आमचा माणूस निघालाय." आमचा माणूस म्हणजे काकू! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. काकू नुसती हसायची.

मग परवा ते आरशाचं प्रकरण झालं. पुढच्या ट्रकनं उडवलेला चिखल काचेवर येऊन बसला. काकूनं काचेवर पाणी मारायची दांडी ओढली, तर पाण्याचा थेंब नाही. वायपरनं तो चिखल सारवल्यासारखा काचभर पसरवला. काही दिसेना, म्हणून तिनं गाडी हळूच बाजूला घेतली, तेवढ्यात आरसा खांबाला लागून तुटला. कुणाला साधं खरचटलंही नाही.

काकांनी तुटका आरसा पाहिला, हात पुढे केला आणि किल्ली घेऊन शर्टाच्या खिशात टाकली.

"बस झालं. परवापासून ड्रायव्हर येईल. तुझी नजर कमी झालीय, कबूल कर."

"नजर ठणठणीत आहे माझी. पाणीच आलं नाही."

"म्हणजे दोष गाडीचाच!"

काकू एरवी असं बोलणं ऐकून घेणाऱ्यातली नाही. पण त्या दिवशी ती नुसती कपड्यांच्या घड्या घालत राहिली. मला ते फार लागलं. त्या खिशात नुसती किल्ली नव्हती, तिचं बाहेर पडणंच होतं.

ड्रायव्हर यायच्या दिवशी सकाळीच तिनं मागच्या अंगणात गाडीचं बॉनेट उघडलं. मी चहाचा कप घेऊन पायरीवर बसले.

"अहो, किल्ली द्या जरा."

"किल्ली मिळायची नाही."

"नका देऊ. मग तुम्हीच आत बसा. मी सांगेन तेव्हा दांडी ओढा."

काका कुरकुरत आत बसले आणि किल्ली लावली. काचेवर चिखल तसाच वाळला होता, त्यामुळे त्यांना काकू दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती.

"ओढा!" गुर्र आवाज आला. मोटर चालू होती. टाकीही भरलेली होती. तिनं फवाऱ्याजवळची नळी उपसली. "ओढा!" नळीतूनही काही येईना. मग ती नळी चाचपत चाचपत खाली टाकीपर्यंत गेली, टाकी टबात रिकामी केली आणि तळाची मोटर तिच्या रबरी बुचातून ओढून काढली. मोटरच्या तोंडाशी बारीक जाळी होती. जाळीवर पांढरट, बुळबुळीत गोळा बसला होता.

काकूनं तो चिमटीत धरून चोळला. उभा जन्म तिनं असंच चोळून बघितलंय, दाट झालीय की पातळ.

"अहो, ही खळ आहे. आपली कपड्यांची खळ."

"खळ टाकीत कशी जाईल?" काका आतून म्हणाले.

मी अंगणातल्या फळीकडे पाहिलं. टाकीत भरायच्या साबणाच्या पाण्याचा कॅन आणि खळीचा कॅन, दोन्ही सारखेच, शेजारी शेजारी.

"टाकी शेवटची कुणी भरली?" काकूनं विचारलं.

गाडीतून हळूच आवाज आला, "मी. तुला वाकायला त्रास होतो म्हणून."

"आणि चष्मा?"

"गल्ल्यावर राहिला होता."

मला चहाचा ठसका लागला. काकू म्हणाली, "घरात कुणाची तरी नजर कमी झालीय, हे मात्र तुम्ही खरं बोललात."

पण तिच्या आवाजात राग नव्हता. ते वाकायला त्रास होतो म्हणाले, ते तिनं ऐकलं होतं.

मग कोमट पाण्यानं टाकी धुणं, जाळी ब्रशनं घासणं, नळी तोंडानं फुंकणं सुरू झालं. खळीचा लांबलचक ओघळ टबात पडला. सगळं जोडून, टाकीत साधं पाणी भरून तिनं फवाऱ्याच्या भोकांत बारीक सुई फिरवली.

"ओढा!"

पाणी टपावरून गेलं आणि थेट माझ्या चहात पडलं. तिनं सुईनं फवाऱ्याचं तोंड जरासं खाली वळवलं. "आता ओढा!"

दोन्ही धारा काचेच्या बरोबर मधोमध आल्या. वायपर फिरला, चिखल ओघळला, आणि पलीकडे काका दिसायला लागले. अलीकडे काकू कमरेवर हात ठेवून उभी, कोपरापर्यंत भिजलेली. काका तिच्याकडे बघतच राहिले. मला इतका अभिमान वाटला, की तो पाणचट चहा मी तसाच पिऊन टाकला.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. हॉटेलवाले होते. माणूस निघाला का, विचारत होते.

काकांनी घसा साफ केला. "माणूस नाही, माझी बायको येतेय. रोज तीच येते. गाडी दुरुस्तसुद्धा तीच करते. आणि आज मीपण येतोय तिच्याबरोबर."

फोन ठेवून ते सरकत सरकत पलीकडच्या सीटवर गेले. किल्ली जागच्या जागी राहू दिली. मग काच खाली करून मला म्हणाले, "तो ड्रायव्हर आला की सांग त्याला, जागा भरलीय म्हणून."