पौषातली उन्हाळी

आमच्या शाळेत माणसाचं शरीर पोटापाशी संपायचं आणि एकदम गुडघ्यापासून पुन्हा सुरू व्हायचं. मधल्या भागाचा धडा पुस्तकात होता, पण विज्ञानाच्या मास्तरांनी आदल्या दिवशीच सांगून टाकलं, "हा घरी वाचा, परीक्षेला येत नाही." घरी वाचायला घेतला, तर बाबांनी पुस्तक हिसकावून माळ्यावर टाकलं; असलं शिकायला शाळा असते म्हणाले. परीक्षेला तो धडा खरंच आला नाही. मास्तर शब्दाचे पक्के.

बाबा अडाणी होते असं कुणी समजू नये. गाय वळूकडे न्यायची तर तीन गावांत चौकशी करायचे. वळूला काही रोग तर नाय ना, मागं कुठल्या गाईला त्रास झाला काय, सगळं ओसरीवर बसून, आयाबायांसमोर, खणखणीत आवाजात. माझं लग्न ठरवताना मात्र त्यांनी पत्रिका पाहिली. अठ्ठावीस गुण जुळले. मुलीच्या बापानंही तेवढंच पाहिलं. आमच्या गाईच्या वाट्याला आलेली काळजी त्या पोरीच्या वाट्याला आली नाही.

ही सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. मी एकवीस वर्षांचा, माथेरानला एका हॉटेलात वाढपी. शाळेनं ठेवलेली कसर तिथल्या आचाऱ्यानं भरून काढली. त्याचं शास्त्र सोपं होतं: बाई दिसायला ठणठणीत असली की काही होत नाही, आणि झालंच तर लिंबानं धुवायचं. नाताळची गर्दी ओसरल्यावर आम्ही चौघं मुंबईला गेलो आणि 'लग्नाआधी अनुभव पाहिजे' म्हणून मला पुढं ढकलण्यात आलं. ढकलण्यात आलं असं लिहितोय खरा, पण पाय माझेच होते.

आठवडाभरात लघवीला आग सुटली. सुट्टी घेऊन घरी आलो. आई म्हणाली, "उन्हाळी लागली रं तुला. हाटेलातलं तिखट खातोस, दुसरं काय." पौष चालू होता, सकाळी तोंडातून वाफ निघत होती, आणि मला म्हणे उन्हाळी लागली. कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. धण्या-जिऱ्याचं पाणी झालं, सब्जा झाला, थंडीत कुडकुडत कोकमाचं सरबत प्यायलो. शेजारची काकू रोज दारात उभी राहून विचारायची, "आज जळजळ कमी हाय का रं?" अख्ख्या आळीला माझ्या लघवीची बित्तंबातमी होती. कारण विचारणं तेवढं असभ्य होतं.

चौथ्या दिवशी कपड्याला पू दिसला आणि माझी पाचावर धारण बसली. गुपचूप कर्जतला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बघताक्षणी ओळखलं. "याला परमा म्हणतात, बाहेरच्या बाईकडून लागणारा गुप्तरोग. रोज एक अशी पाच इंजेक्शनं, मग पुन्हा तपासणी. तोवर बाईजवळ जायचं नाही. तिला लागेल आणि तिला कळणारही नाही. लग्न झालंय?"

"नाही."

"ठरलंय?"

"नाही," मी म्हटलं. लग्न वीस दिवसांवर होतं, माघातला मुहूर्त धरलेला.

दोन इंजेक्शनांत आग थांबली. तिसऱ्या दिवशी गेलो तर दवाखान्याच्या बाकावर भिसेगावचे माझे होणारे चुलतसासरे बसलेले. "या जावयबापू, तुमी इथं कसं?" सर्दी झालीय म्हणालो. "सर्दीला डॉक्टर कशाला? आल्याचा काढा घ्या." मोठ्यांचं ऐकावं असा आमच्यावर संस्कार. मी मागं फिरलो तो परत गेलोच नाही. आग थांबली म्हणजे रोग गेला, हे ज्ञान मात्र माझं स्वतःचं. त्यात आचाऱ्याला दोष देता येत नाही.

लग्न लागलं. बायको अठरा वर्षांची, हसरी. दोन महिन्यांत ती ओटीपोट धरून वाकून चालायला लागली. "बायकांचं आसंच आसतं," आई म्हणाली. मी ऐकून घेतलं. डॉक्टर काय म्हणाले होते ते मला शब्दन् शब्द आठवत होतं, आणि तरी तिला दवाखान्यात नेलं नाही. नेलं असतं तर सांगावं लागलं असतं.

सहा वर्षं गेली, मूल नाही. तिनं उपास केले, गंडेदोरे बांधले. बारशाचं बोलावणं आमच्या घरात फक्त आईला यायला लागलं. मग आईनं खालापूरची एक मुलगी हेरून ठेवली. "पहिली बी राहील की घरात, कामाला," असंही मोठ्या मनानं म्हणाली. दुसरं लग्न करू नये असा कायदा झाला होता म्हणे, पण तो आमच्या आळीत फिरकला नव्हता.

तेव्हा बायको मला म्हणाली, "एकदा डॉक्टरीणबाईंकडं चला. मग आणा कुणाला आणायची ती."

गेलो. तपासण्या झाल्या. तिच्या गर्भाच्या नळ्या बंद झाल्या होत्या, जुन्या रोगानं. बाईंनी केसपेपरच्या मागं चित्र काढून मला ते समजावलं. मास्तरांनी गाळलेला धडा दोन मिनिटांत संपला. मग तिला बाहेर बसवून त्यांनी मला सरळ विचारलं, आणि या खेपेला मी खरं सांगितलं.

संध्याकाळी घरीही सांगितलं. आई, बाबा, बायको, सगळ्यांसमोर. दोष तिच्यात नाय, माझ्यात हाय. लग्नाआदी मी बाहेर गेलो, रोग घेऊन आलो आणि हिला दिला. बाबा उठून गोठ्यात गेले. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "बायकोसाठी किती खोटं बोलतो रं माझा लेक. कुठल्या बाप्याला जमंल हे?"

आठ दिवसांत आळीभर माझं नाव झालं. बायकोचं वांझपण स्वतःवर घेणारा देवमाणूस! काकू माझ्या बायकोला सांगायची, "नशीब काढलंस गं." एवढ्या प्रेमळ माणसाला दुखवायचं कसं, म्हणून खालापूरची मुलगीही रद्द झाली. ती वांझ ती वांझच राहिली. वर आता माझे उपकार तिच्या डोक्यावर.

मी सांगितलं ते खरं मानलं एकटीनं, तिनं. सांगितलं त्याच संध्याकाळी चुलीपुढं भाकरी थापता थापता तिनं विचारलं होतं, "कधीपासून ठाऊक होतं तुमाला?"

"संशय पहिल्यापासून होता."

"मग बोललात का नाय?"

"लाज वाटली," मी म्हटलं.

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "मला वांझ म्हणायचे तवा तुमी इथंच बसून जेवत असायचात," ती म्हणाली.